चिंध्या बांधलेलं मशीन

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला गल्लीत सगळे टाचणी म्हणत. एक तर तिच्या तोंडात कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढून ती बोलायला लागली की त्या तोंडातच बऱ्या होत्या असं ऐकणाऱ्याला वाटे. तिच्या नवऱ्याला सगळे ऑपरेटर म्हणत, कारण तीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. रस्ते खणायला येतं ना ते पिवळं मशीन, पुढे मोठं बकेट आणि मागे कोपरात वाकणारा लांब हात, ते तो चालवायचा. जमिनीखालच्या नळाला धक्का न लावता त्याच्या भोवतीची माती काढून दाखवावी ती त्यानेच.

मग एका दुपारी मशीनची पिन बसवताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली. बोटं वाचली, पण त्यांतला जोर गेला. कंपनीने सहा महिने वाट पाहिली आणि गोड बोलून नारळ दिला. यावर शहाण्या माणसाने काय करावं? याने एक मोडकं मशीन विकत घेतलं आणि ओढून आणून घरामागच्या मोकळ्या जागेत उभं केलं. कपडे वाळत घालायची दोरी सोडावी लागली. टाचणी पायरीवर उभी राहून बराच वेळ त्या धुडाकडे बघत होती.

"अहो, हे चालतं?" तिने विचारलं.

"चालेल," ऑपरेटर म्हणाला.

चालेल आणि चालतं यांतलं अंतर कापायला पाच महिने लागले. मागचा हात सगळ्या सांध्यांत ढिला होता, जरा हलवला की म्हाताऱ्या कपाटासारखा खडखडायचा. सांध्यांतल्या झिजलेल्या पिना आणि त्यांच्याभोवतीचे बुश काढून नवे बसवले. सिलिंडरमधून तेल गळत होतं, त्यांची सीलं बदलली. केबिनची जमीन गंजून तिला पाय जाईल एवढं भोक पडलं होतं. टाचणीचा धाकटा भाऊ वेल्डर होता, त्याने तिथे पत्रा जोडून दिला आणि दर वेळी "दाजी, यापेक्षा नवीन मशीन बनवणं सोपं" असं ऐकवलं. दाजी हसायचा. संध्याकाळी तो रबरी चेंडू उजव्या मुठीत दाबत बसायचा. बोटं सुधारतायत असं तो सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातातून कप निसटायचा. टाचणी काचा उचलायची आणि त्या वेळी मात्र टाचण्या तोंडातच ठेवायची.

कारण वेळ थोडा उरला होता. एका ओळखीच्या ठेकेदाराने शब्द दिला होता, "रविवारी येतो. बारा पावलांचा सरळ चर खणून दाखवा. जमलं तर माझं पुढचं सगळं खोदकाम तुमचं." नाही जमलं तर सोमवारपासून एका गोदामाच्या फाटकावर रखवालदारी ठरलेली होती, आणि मशीन भंगारवाला घेऊन जाणार होता. रखवालदाराच्या वर्दीचं खाकी कापड घरी येऊन पडलं होतं. तेही टाचणीनेच शिवायचं होतं. तिने ते बेतलं, कापलं, आणि शिलाई मशीनखालच्या डब्यात दडपून ठेवलं. रखवालदारीत वाईट काही नाही, असं ती स्वतःला समजावत होती. पण तीस वर्षं जमीन हलवणारा माणूस खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्या मोजणार, हे तिला सहन होत नव्हतं.

आता चिंध्यांची गोष्ट. मागच्या हाताकडे तेल नेणाऱ्या रबरी नळ्यांच्या सहा जोड्या होत्या. त्या सोडवायच्या, साफ करायच्या आणि परत जिथल्या तिथे लावायच्या. खुणा करायचं काम टाचणीने आपणहून अंगावर घेतलं, कारण नवऱ्याच्या अक्षराची खूण दुसऱ्या दिवशी त्यालाही वाचता येत नसे. जोडीतल्या वरच्या नळीला लाल चिंधी, खालच्या नळीला निळी. पहिल्या जोडीच्या चिंधीवर एक टाका, दुसऱ्या जोडीच्या चिंधीवर दोन, असे सहापर्यंत.

"डावीकडून मोज गं," ऑपरेटर सीटवरून म्हणाला. त्याने स्वतः नळ्या जिथे बसतात त्या लोखंडी ठोकळ्यावर खिळ्याने एक ते सहा आकडे कोरले.

गुरुवारी सगळं जोडून झालं. वेल्डर भावाने एक टाका एकला, दोन टाके दोनला, असं अगदी डोळे झाकून करावं तसं बसवलं. ऑपरेटरने इंजिन चालू केलं. काळा धूर निघाला, मग पांढरा, मग निघायचा थांबला. टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने त्याचं खापर धुरावर फोडलं.

खणताना मशीन हलू नये म्हणून त्याला दोन बाजूंना दोन पाय असतात. ऑपरेटरने डावा पाय खाली सोडला. उजवा गेला. त्याने उजवा सोडला. डावा गेला. मग त्याने मागचा हात चालवायचे दोन्ही दांडे हलवून पाहिले. डाव्या दांड्याने हात बाजूला फिरवायचा, तर बकेटच आत वळलं. उजव्याने बकेट वळवायचं, तर अख्खा हात बाजूला फिरला आणि वेल्डर भाऊ उडी मारून भिंतीला चिकटला.

"ताई, तू कुठून मोजलंस?" तो म्हणाला.

"डावीकडूनच," टाचणी म्हणाली.

"कोणाच्या डावीकडून?"

"मशीनच्या. गिऱ्हाइकाची डावी बाही म्हणजे गिऱ्हाइकाच्या डाव्या हाताची. शिवणारीची नाही. याचं तोंड कुठे, तर दिवे आहेत तिकडे. मग त्याची डावी बाजू ती डावी."

शिवणकामात याहून बरोबर उत्तर नाही. पण मागचा हात चालवताना ऑपरेटर सीट फिरवून मागे तोंड करून बसतो, आणि त्याची डावी ती मशीनची उजवी होते. त्याने आकडे त्या बाजूने कोरले होते. दोघांनीही आपापल्या धंद्याला जागून काम केलं होतं, आणि दोघांनी मिळून मशीन उलटं करून ठेवलं होतं. तेल काढायचं, बारा नळ्या सोडवायच्या, परत लावायच्या, हवा काढायची, यात रविवार निघून गेला असता. ऑपरेटरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून पायरीवर बसला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं टाचणीला वाटलं.

तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. उजवा मांडीवर पडलेला, डावा गुडघा घट्ट धरून बसलेला.

"अहो, बकेट वळवायचं नाजूक काम कुठल्या हाताचं?" तिने विचारलं.

"उजव्या."

"आणि आता?"

त्याने डावा पंजा उघडला, मिटला, आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"तीस वर्षांची सवय आहे," तो शेवटी म्हणाला. "ती अशी दोन दिवसांत मोडत नाही."

"तुमच्या उजव्या बोटांनी अख्खा कपांचा सेट मोडला. सवय काय चीज आहे?" टाचणी म्हणाली.

त्या दिवसापासून घरात एक वेगळंच काम सुरू झालं. तिने दोन तांदळाच्या डब्यांत कापड मोजायच्या दोन लाकडी पट्ट्या खुपसल्या आणि नवऱ्याला त्यांच्यामध्ये खुर्चीवर बसवलं. स्वतः भाजी चिरता चिरता हुकूम सोडायची, "उचला. ओढा. बकेट वळवा. अहो, वळवा म्हटलं, माझ्या ताटात माती ओतली तुम्ही." शुक्रवारी दुपारपर्यंत तो दर तिसऱ्या हुकुमाला चुकत होता. मग दोघं मागे जायचे, तो मशीनवर चढायचा आणि परसात खड्डे पाडायचा. पहिले खड्डे कुणी रागाने लाथा मारून केल्यासारखे होते. शनिवारी संध्याकाळी एक खड्डा चौकोनी निघाला. त्यानंतर त्याने रबरी चेंडू शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला.

रविवारी ठेकेदार आला. कुंपणाच्या भिंतीला लागूनच चर हवा, म्हणाला. भिंतीशेजारून घराच्या पाण्याचा नळ जात होता, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तो तसं म्हणाला. टाचणीने शिवणकामाचा पांढरा खडू घेतला आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, फरशीचे तुकडे मांडून त्यांच्यावर रेघ ओढत गेली, जशी पायजम्याच्या कापडावर ओढते तशी. मग ती बाजूला झाली.

ऑपरेटरने डाव्या बाजूचा पाय सोडायला उजव्या पायाचा दांडा ओढला. ठेकेदाराच्या भुवया वर गेल्या. हात उचलला गेला, पसरला, बकेटचे दात मातीला टेकले. डावा पंजा हळूच वळला आणि बकेट पापुद्रा काढावा तसं माती घेऊन आलं. उजव्या हाताने नुसतं ढकलायचं आणि ओढायचं होतं, तेवढं त्याला येत होतं. सातव्या पावलावर त्याचा हात जुन्या सवयीने चुकला, मशीनची सोंड भिंतीकडे झुकली आणि विटांपासून चार बोटांवर थांबली. ऑपरेटरने दोन्ही दांडे सोडले, डोळे मिटले, ओठांनी काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा सुरू केलं. काय पुटपुटला ते फक्त टाचणीला कळलं. उचला, ओढा, वळवा.

चर संपला तेव्हा नळ उघडा पडला होता, आणि त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"दांडे उलटे आहेत तुमच्या मशीनचे," ठेकेदार म्हणाला.

"हो. चोरालाही नेता येणार नाही," टाचणी म्हणाली.

ठेकेदार हसला. उद्या सकाळी सातला या, असं सांगून गेला.

सोमवारी ऑपरेटर साडेसहाला मागे आला, तर केबिनमधल्या फाटक्या सीटवर नवं खाकी आवरण चढवलेलं होतं. दुहेरी शिलाई, कोपरे चोख. वर्दीच्या शर्टाचा खिसा तिने सीटच्या उजव्या कडेला तसाच लावला होता, त्याच्या चष्म्यासाठी. बायको पायरीवर उभी होती, तोंडात टाचण्या धरून.

"वर्दी?" त्याने विचारलं.

तिने टाचण्या काढल्या.

"तुमच्या मापाची बसेना," ती म्हणाली. "याच्या मापाची बसली."