डावी बगल

गुढीपाडव्याला मी तळोद्याहून गावी आलो होतो. दुपारी जेवून उठतो तोच गावचे भगत दारात आले. ओसरीवर न टेकताच त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला.

"यंदा डावी बगल तुन्ही," ते म्हणाले.

आमचं गाव म्हसावदकडचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावात मरीआईची जत्रा भरते आणि बारागाड्या ओढल्या जातात. बारा बैलगाड्या, बैल न जुंपता, एकामागे एक साखळीने जोडतात. प्रत्येक गाडीत माणसं खच्चून भरलेली. सगळ्यात पुढे भगत. त्यांच्या कमरेच्या शेल्यात पहिल्या गाडीचा आकडा अडकवतात. त्यांच्या उजव्या-डाव्या काखेत हात घालून धावणारे दोघे, आणि त्या दोघांच्या पाठीशी आणखी चौघे, या सहा जणांना बगले म्हणतात. मागून अर्धं गाव गाड्या ढकलत असतं. वेशीपासून देवळापर्यंत दीडेकशे पावलांची धाव.

बगल्यांत कोणी स्वतःहून जात नाही. जागा रिकामी झाली की भगत नारळ घेऊन येतात. नारळ घेतला की अंग साथ देईल तोवर माणूस त्यांचा. एकाच्या घरी मयत झाली तर बाकीचे खांदा द्यायला येणारच, एकाच्या पोरीचं लग्न असलं तर मांडव सगळे मिळून घालणार. माझे वडील त्यांच्यात होते. त्यांच्यानंतर माझा थोरला चुलतभाऊ. त्या हिवाळ्यात त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं.

"माले जमी का?" मी विचारलं.

"तुन्हा बापले जमनं. तुन्हा भाऊले वीस साल जमनं. तुले का बरं जमाव नही?"

त्यांना वाटलं, मी नम्रपणाने म्हणतोय. मला खरोखर विचारायचं होतं.

बारावीत असताना मी पाचव्या गाडीत बसलो होतो. समोरच्या गाडीच्या कडेला लोंबकळणारा एक माणूस सुटून खाली पडला आणि त्याच्या मांडीवरून चाक गेलं. ते चाक आमच्या गाडीचं होतं की पुढच्या गाडीचं, हे मला आजही सांगता येत नाही. सुकी तुराटी मोडावी तसा आवाज आला, आणि तो मला माझ्या बुडाखालच्या फळीतून कळला. तो माणूस वाचला, पण पाय आखूड झाला. त्यानंतर मी कधी गाडीत बसलो नाही. मी तळोद्याला एका आश्रमशाळेत कारकून आहे. आखाजी आली की काहीतरी काम काढून तिथेच राहायचं, नाहीतर गावी येऊन गच्चीवरून बघायचं, असंच इतकी वर्षं चाललं होतं.

"नारळ वापस दी टाका," बायको म्हणाली. "तुम्हले कोन जबरदस्ती करी ऱ्हायनं?"

कोणीच करत नव्हतं. पण त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने भगतांच्या दारात जाऊन, मला भीती वाटते, असं कसं सांगायचं हे मला कळेना. नारळ देवघरात राहिला. तिने पुन्हा विषय काढला नाही, पण त्या महिन्यात ती माझ्याशी फारसं बोललीही नाही.

शिकवायचं काम एका म्हाताऱ्या बगल्याकडे होतं. सत्तरीचा माणूस, आता धावत नसे. दर शनिवारी मी गावी यायचो आणि तो मला नांगरलेल्या रानात घेऊन जायचा. मला वाटलं होतं, ओढायचं कसं ते शिकवेल. त्याने पडायला शिकवलं.

"पड," तो म्हणायचा. मी पडायचो. "आत नको पडू, बाहेर पड. आत पडना तर बारा गाड्या तुन्हावरथीन जातीन."

ढेकळांत डाव्या अंगावर लोळण घेऊन घेऊन माझा खांदा सुजला. धुळीने तोंड भरायचं. तो बांधावर बसून नुसता बघायचा. शेवटच्या शनिवारी त्याने मला जवळ बसवलं.

"एक गोठ ध्यानमा ठेव. तू पडाले लागना तर भगतले सोडी दे. त्याले तुन्हासंगे वढू नको. त्याना कमरले आकडा शे. त्याले बाजूले पळता येत नही."

"समजा सुटला नाही हात?"

"सोडना पडस," तो म्हणाला.

आखाजीच्या आधीचे नऊ दिवस आम्ही सगळे अनवाणी होतो. एक वेळ जेवण, तेही देवळाच्या ओट्यावर एकत्र. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पायांना फोड आले. बाकीचे जेवताना पपईच्या भावावर, केळीच्या रोपांवर बोलायचे, हसायचे. मला घास गिळवत नसे. भगत एकदा म्हणाले, "पोटले काही व्हयनं का रे?" मी हो म्हणालो. ते सोपं होतं.

आखाजीच्या सकाळी गाड्या आल्या. आता गावात बैलगाड्या उरल्याच आहेत किती! चार आमच्या, बाकीच्या ब्राह्मणपुरी आणि आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलेल्या. मी एकेका चाकाजवळ जाऊन उभा राहिलो. चाकांना लोखंडी धाव होती, आणि ती घासून घासून चकचकीत झालेली होती. बघू नये हे कळत होतं, तरी मी बाराही गाड्यांची चाकं बघून आलो.

ऊन उतरल्यावर आम्हाला हळद लावली. डफडी वाजायला लागली. भगतांनी गाड्यांना पाच फेरे घातले तेव्हा त्यांचं अंग थरथरत होतं. लोक म्हणत, देवी आली. मी त्यांच्या डाव्या काखेत हात घातला. त्यांच्या काळजाचे ठोके माझ्या मनगटाला लागत होते. दुसरा हात पहिल्या गाडीच्या जूवर होता. मागून आरोळी उठली आणि पाठीत जूचा धक्का बसला.

आम्ही ओढत होतो असं मला वाटलंच नाही. गाड्या आमच्या मागे लागल्या होत्या आणि आम्ही पळत होतो.

अर्ध्या वाटेवर कोणाची तरी सुटलेली चप्पल माझ्या पायाखाली आली. पाय सरकला, डावा गुडघा जमिनीला घासला. मला स्पष्ट आठवतं, मी हाताला सांगितलं, सोड. हात ऐकेना. बोटं भगतांच्या काखेत रुतून बसली होती. ते माझ्या बाजूला वाकले, त्यांचं डोकं जूच्या लाकडावर आपटलं. उजव्या बगल्याने त्यांना आपल्याकडे खेचलं आणि त्यांच्याबरोबर मीही उचलला गेलो. मागच्या कोणीतरी माझं धोतर मुठीत धरलं होतं. पुढची पावलं कशी पडली ते मला सांगता येणार नाही. देवळासमोर गाड्या थांबल्या तेव्हा माझा हात दोघांनी मिळून सोडवला.

आणि लोकांनी मला खांद्यावर घेतलं. गच्चीवरून, गाड्यांवरून सगळ्यांना उलटंच दिसलं होतं. भगत अडखळले आणि डाव्या बगल्याने त्यांना सोडलं नाही, असं. "तू नही व्हता तर आज भगत गया व्हता," एक जण माझ्या गालाला गुलाल फासत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्या बगल्याकडे गेलो. तो अंगणात दात घासत होता.

"बाबा, मी सोडलं नाही."

"माले दिसनं," तो म्हणाला. चूळ भरून झाल्यावर म्हणाला, "भगतले तू सांग. ते मन्ह काम नही."

मी सांगितलं नाही. अकरा महिने सांगितलं नाही. म्हसावदच्या बाजारात भगत दिसले की मी दुसऱ्या ओळीत शिरायचो. त्यांच्या पुतणीच्या लग्नात मांडवाचे बांबू धरताना ते माझ्या शेजारीच उभे होते आणि मी वर बघत राहिलो. आखाजीची भीती आधीपासून होतीच. तिच्या जोडीला ही दुसरी आली होती, आणि ही बाराही महिने असायची.

पुढच्या पाडव्याच्या आधी मी देवघरातला नारळ उचलला आणि त्यांच्या पपईच्या शेतात गेलो. ते पाण्याची नळी दुसऱ्या ओळीत सरकवत होते. मी सगळं सांगितलं. चप्पल, गुडघा, हात. नारळ पुढे केला.

त्यांनी तो घेतला नाही. "माले ठाऊक शे. पंधरा दिन मन्ही काख निळी व्हती."

"मग माले काढी टाका."

त्यांनी नळीचं तोंड पुढच्या झाडाकडे वळवलं. "भ्यायेल माणूस माले चालस," ते म्हणाले. "पन त्याले हात सोडता येवाले जोयजे. शिक. नही जमनं तर मंग आन हाऊ नारय."

पुन्हा शनिवार, पुन्हा तेच रान. या वेळी भगत स्वतः यायचे. त्यांच्या काखेत हात घालून मी ढेकळांतून धावायचो आणि म्हातारा मध्येच म्हणायचा, "सोड." पहिले दोन शनिवार बोटं उघडायला उशीर व्हायचा. भगत परत पहिल्या जागी जाऊन उभे राहायचे. तिसऱ्या शनिवारी हात सुटला. मग मी तो तीस-चाळीस वेळा सोडला, इतका की संध्याकाळी जेवताना घासही हातातून पडत होता.

त्या वर्षी आखाजीला मी पडलो नाही. सोडायची वेळच आली नाही, त्यामुळे खरोखर सुटला असता की नाही ते मला माहीत नाही. भीती कणभरही कमी झालेली नव्हती. चाकांचा आवाज दीडशे पावलं माझ्या मानेवर होता.

देवळाच्या मागे बायको उभी होती. शेजारणीने सांगितलं, गाड्या सुटल्यापासून तिने डोळे उघडले नव्हते. मी जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हाही ते मिटलेलेच होते.

"व्हई गयं का?" तिने विचारलं.

"यंदानं व्हई गयं," मी म्हणालो.