मोठ्या आईने वाचलेला तक्ता

माझी मोठी आई, म्हणजे मोर्शीची थोरली काकू, पाहुण्याला चहा ओतून देते तेव्हा बशीत थेंब सांडत नाही. तिच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊन बरीच वर्षं झाली, पण निम्म्या नातेवाइकांना पत्ताच नव्हता. ‘मले दिसत नाही’ हे वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलंच नव्हतं. मी अंगणात गुपचूप उभा राहिलो तरी आतून आवाज येतो, "ये बाबू. चपला घासत चालनं काही सोडलं नाही तू."

काका गेल्यावर मिठापासून साडीपर्यंत सगळं मुलाकडे मागणं तिला जड जाऊ लागलं. सरकारचं महिन्याचं अनुदान मिळालं तर हात मोकळा राहील. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र हवं, आणि टक्केवारी चाळीसच्या वर. ऑनलाइन अर्ज मी भरला. घरातला शिकलेला मी, म्हणून तो दोनदा परत आला. शेवटी तारीख मिळाली आणि आम्ही अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात पोचलो.

डोळ्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. दार उघडंच होतं. आत एकेक पेशंट तक्ता वाचत होता. मी मोबाइल पाहत होतो, ती ऐकत होती.

नंबर लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, दिसेल तेवढं वाचा."

मोठ्या आईने पदर सावरला आणि वरच्या ठळक अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून टाकलं. गेलं अनुदान!

बाईंनी तक्ता बदलला. हिने पुन्हा तोच जुना तक्ता, तितक्याच ठसक्यात.

"मावशी, हे कुठं शिकलात?"

"बाहीर बसल्या बसल्या आयकलं."

"अहो, मग दिसत नाही म्हणायचं ना!"

"तूच ‘वाच’ म्हनलं ना माय. कोनी इचारलं अन् मी गप्प बसली, असं कधी झालं नाही."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी थेंब घालून, उजेड टाकून डोळे नीट तपासले. टक्केवारी चाळीसच्या पुष्कळ वर गेली. प्रमाणपत्र मंजूर.

परतीच्या एसटीत ती हळूच म्हणाली, "बाबू, खरं सांग. खालची ओळ बराबर वाचली होती ना मी?"

"मले का माहीत, मोठी आई? चष्मा लावूनही मलेच दिसून नव्हती राहिली ते."

"असं?" तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "मंग आता तुह्या नावाचा अर्ज भर."