चिकाचं सारवण

बाळंतपणाला आई हवी होती. पण धानाच्या रोवणीचे दिवस, आणि गावाहून, मुलचेऱ्याकडून, पुण्याला यायचं म्हणजे दोन दिवस मोडतात. नवरा कामावर. मुलगा झाला तेव्हा सरकारी दवाखान्यात माझ्याजवळ होता तो फोनच.

मुलगा वजनाला कमी. मी सारखी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. तेवढ्यात आईचा फोन आला. ती धानाच्या बांधीत, चिखलात उभी होती.

"पह्यलं दूध पिळून टाकजो, माय. पिवळा चीक पोराले पचत नाई. तीन दिवस मध चाटव."

मी चीक पिळायला वाटी घेऊन बसले. सिस्टर धावतच आल्या. "अगं, गाईच्या चिकाचा खरवस करून खाता, आणि लेकराचा फेकता? मधबिध काही नाही!"

मग त्या खाटेवर टेकल्या. माझी शाळा आठवीत सुटली, तरी त्यांनी सांगितलं ते समजलं. चिकात अँटीबॉडी असतात. बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर त्या जंतूंना धरतात, चिकटू देत नाहीत. मग जंतू शीतून बाहेर. "तू आजवर जिथलं खाल्लंस-प्यायलीस, तिथल्या जंतूंची ओळख तुझ्या अंगाला असते. ती दुधात उतरते."

जिथलं! वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी आठवलं, वेचता वेचता न धुताच तोंडात टाकलेली मोहफुलं आठवली. मला वाटायचं, माझ्यात गावाचं काही उरलंच नाही. त्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तरी आईचा शब्द मोडायचा तर तिला सांगूनच. एका हातानं बाळाला छातीशी धरलं, दुसऱ्यानं फोन लावला.

"आई, भुई सारवली का मुंग्या वर येत नाई नं? तसा चीक पोराचं पोट आतून सारवते."

"कोण सांगते?"

"सिस्टर."

"तिनं किती लेकरं पाजली? म्या चार पाजली!"

"आई, मी पाजून राह्यली."

पलीकडे नुसता चिखलातून पाय काढल्याचा आवाज.

"तुह्यावेळी टाकला होता म्या," ती म्हणाली. "सासूनं सांगतलं म्हणून. तीन दिवस रडली तू." मग हळूच, "पिऊन राह्यला का?"

"हो."

"फोन त्याच्या तोंडापाशी धर. तू बोलू नको."

मी धरला. तो चुकचुक गिळत होता. तिकडे बाया तिला रोवायला हाका मारत होत्या, आणि आई ओ देत नव्हती.