मामाजींनी लिहून ठेवलेली वचनं

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं! घड्याळ डोळ्यांसमोरच होतं, कारण लेकीला तापाचं औषध द्यायचं होतं आणि मी मिनिटं मोजत बसले होते. त्याच मिनिटाला माझ्या हातून जे झालं, ते ऐकाल तर चहा नाकातून येईल तुमच्या. कप खाली ठेवा आधी!

आदल्या दिवशी माझे सासरे गेले. मामाजी म्हणायचो आम्ही त्यांना. उमरखेडात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. मामाजी जन्मभर यष्टीनं गावोगाव फिरून आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा जोडाक्षर आलं की अडखळायची. मामाजींनीच रोज संध्याकाळी बायबल समोर ठेवून मला मोठ्यानं वाचायला लावलं. "माझ्या मातीले तूच वाचजो," असं भरल्या ताटावर म्हणायचे, आणि सासूबाई डोळे वटारायच्या.

म्हणून दफनाच्या सकाळी मी सांगून टाकलं, वचनं मीच निवडणार, मीच वाचणार.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, शाळेत मास्तर आहेत. ते म्हणाले, "तू कायले, सुनीता? चार गावचे पाव्हणे येतीन. नाक कापशीन आमचं."

"काहून, दादा? मले वाचता येत नाही का?"

"सातवीचं वाचणं अन् बायबलाचं वाचणं एक असते का?"

"मामाजी तर एकच समजत होते!"

माझा नवरा एकदम चपला शोधायला लागला.

सात-दहाला मी तणतणत मामाजींचं बायबल उघडलं. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांच्याच बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. म. ८:३०. रा. ११:००.

अंगावर काटाच आला! म. म्हणजे मत्तय, रा. म्हणजे राजे. मामाजींनी स्वतःच निवडून ठेवली होती की हो!

मत्तय काढला. आठवा अध्याय, तिसावं वचन. दूरवर डुकरांचा मोठा कळप चरत होता. बस, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तिथंच अक्कल वापरायची ना! अहो, पण विचारणार कोणाला? दादांना? मेले तरी विचारलं नसतं! म्हटलं, मामाजी ज्ञानी माणूस, डुकरांत काहीतरी खोल अर्थ असेल. आणि अकराव्या अध्यायाचं शून्यावं वचन कुठून आणायचं? म्हटलं, शून्य म्हणजे सुरुवातीपासून. तेवढ्यात लेक अंगावर ओकली. दोन्ही पानांत दोरे घातले आणि धावले. दुसरं वाचून बघायचं राहिलंच.

कबरस्तानात ही गर्दी! पास्टरांनी मला पुढं बोलावलं. लेक कडेवर, बायबल हातात. डुकरांचा कळप चरत होता, हे मी असं खणखणीत वाचलं की पार मागपर्यंत ऐकू गेलं. आणि थांबले.

लोक वाट बघताहेत, पुढं काय? पुढं काही नाही!

मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "कोणाच्या वावरात वं?"

मी घाईघाईनं दुसऱ्या दोऱ्याचं पान काढलं. शलमोन राजाला पुष्कळ परदेशी बायका आवडत होत्या. घाम फुटला, पण आता थांबते कशी? त्याला सातशे राण्या होत्या, आणि वरून आणखी तीनशे! सातशे म्हणताना सासूबाईंकडं पाहिलं. पदराआड त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत.

दादा कानाशी आले. "बंद कर! बापाच्या मातीले काय वाचून राह्यली तू?"

"मामाजींनीच लिहून ठेवलं हाय!" मी ते पान सगळ्यांसमोर धरलं.

सासूबाईंनी पान डोळ्याजवळ नेलं. "अवं पोरी! म. म्हणजे महागाव. साडेआठची यष्टी हाय ते! अन् रा. म्हणजे राजूर. आपल्या शालिनीकडं जाची अकराची गाडी!"

पास्टर पाठ फिरवून खोकायला लागले. बाकीच्यांनी तेवढीही लाज ठेवली नाही. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"दे इकडं." दादांनी हात पुढं केला.

मी बायबल छातीशी धरलं. "यष्टीचा टाइम चुकला, दादा. वाचणं नाही चुकलं! एक तरी जोडाक्षर अडलं का माझं?"

दादांनी हात मागं घेतला.

"वाचू दे तिले, विजय," सासूबाई दादांना म्हणाल्या. "ह्यांनीच शिकवलं हाय."

मग मी मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आवाज कापला, पण अडखळले नाही. या वेळी कोणी हसलं नाही.

आता येत्या रविवारी मामाजींच्या आठवणीची प्रार्थना आहे, आणि वाचणार मीच! कोणाला राग येवो की लोभ. या खेपेला वचन तीनदा वाचून निवडलं. योहान, अकरावा अध्याय, पंचविसावं वचन. घरच्या ग्रुपवर ऐटीत टाकलंसुद्धा, "रविवार, यो. ११:२५."

लगेच राजूरहून शालिनीचं, माझ्या नणंदेचं, उत्तर आलं. "बरं वहिनी, अकरा-वीसपर्यंत पोचतोच आम्ही." आणि त्याखाली सगळ्या खानदानाचे अंगठे!

तेव्हा एवढं काम करा माझं. जो भेटेल त्याला सांगा, प्रार्थना दहाला आहे. दहाला!