अर्धा मोर

दिव्याच्या काजळीत तेल खलल्याचा वास आला, की माझं उजवं मनगट आजही आपसूक पदराआड जातं. कटंगीच्या आठवडी बाजारात, चिंचेच्या सावलीत, नव्या धानाचा गंध दरवळत असताना मोठी माय मला गोंदणारणीपुढे घेऊन बसली होती, ती सकाळ त्या वासात अजून मुरलेली आहे. तिनं माझा दंड दाबून धरला, सुयांची जुडी मनगटात शिरत राहिली, मोराची मान उमटली, अंग उमटलं, आणि पिसाऱ्याला सुरुवात होणार तोच ती म्हणाली, "बस. एवढाच राहू दे." गोंदणारीणही चकित झाली. परतताना वाटभर ठणकत्या हाताकडे पाहत मी मनाशी म्हणत होते, सवतीच्या पोरीला पुरता मोर द्यायलाही हिचा जीव होत नाही!

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांची पहिली बायको. मूल होईना म्हणून त्यांनी दुसरी केली, ती माझी आई. मला कळू लागण्याआधीच ती तापानं गेली, मागोमाग वडीलही गेले, आणि त्या घरात आम्ही दोघी उरलो, एकमेकींना न मागता मिळालेल्या. मोठ्या मायनं मला कधी कुशीत घेतलं नाही. मी लहान असताना माझं ताट सरकवायची तेही दूर बसून. पण माझ्या ताटात भात असायचा आणि तिच्या वाटीत पेज. श्रावणात लोकांच्या धानाच्या बांध्यांत दिवसभर वाकून रोपणी करायची, मला मात्र चिखलात उतरू द्यायची नाही. पुस्तक घेऊन बस म्हणायची, तेही शिवी हासडल्यासारखं. मी शिकले ती तिच्या वाकलेल्या पाठीवर, हे तेव्हाही कळत होतं, आणि म्हणून तिचा धड रागही करता येत नव्हता. मेलं, असं कसं माणूस असतं!

आई कशी दिसायची, एवढंच मला हवं होतं. घरात तिचा फोटो नव्हता. शेजारची एक म्हणे गोरी होती, दुसरी म्हणे कुठली गोरी, सावळीच. मी तिला आरशात शोधायचे, आणि पाठीमागून कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटायचं. मोठ्या मायपाशी विषय काढला, की ती गोठ्यात निघून जायची.

पुढे मला बालाघाटला शाळेत नोकरी लागली. तिथल्या बायका मनगट पाहून हसायच्या, हा कसला गं बोडका मोर! दिवाळीत घरी गेले तेव्हा मी सांगूनच टाकलं, की उद्या बाजारात पिसारा पुरा करून घेणार. मोठी माय ओसरीवर तांदूळ निवडत होती. उतरत्या उन्हात तिची बोटं सुपातच थांबली.

"नोको करू," ती म्हणाली. "तुह्या मायच्या हातावर असाच होता. लहानपनी अर्ध्यातच हात ओढला म्हने तिनं."

इतक्या वर्षांचा प्रश्न माझ्या तोंडून निसटला, "दिसे कशी माय?"

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तोंडाकडे म्या कधी पाह्यलंच नाई तिच्या. पाहवे नाई. वाढताना हात तेवढा दिसे."

मग माझ्या ध्यानात आलं, की वाढायचं काम माझ्याकडे आल्यापासून मी तिला वाढत होते आणि तिनं कधी मान वर केली नव्हती. सवतीचा तो हात तिनं स्वतःच उभा करून घेतला होता, रोज आपल्या ताटावर. माझ्यासाठी, की स्वतःला भाजून घेण्यासाठी? मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. चूल पेटवायला आत गेले.

दिवेलागणीला मी भात वाढला. चुलीच्या उजेडात मोर ताटावर वाकला. मोठ्या मायनं तो पाहिला, आणि मग सावकाश मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"अशीच असन," ती म्हणाली.

आता तीही नाही. पण एकटीचं ताट वाढून घेताना कधीकधी वाटतं, समोर कुणीतरी खाली मान घालून बसलं आहे, आणि मी हात लगेच मागे घेत नाही.