काहिलीतली मुराळी

माझ्या सासूला पाण्याची भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गोजरबाई तिचं नाव. विंचू दिसला तर चपलेखाली चिरडायची, भांडायला उभी राहिली तर पोलीसपाटील वाट बदलायचा, पण ओढ्याला घोटाभर पाणी आलं की हीच बाई पदर तोंडात धरून काठावर उभी. मी श्रीरामपूरची, सातवी शिकलेली, कॅनॉलात पोहलेली. मला हसू आवरायचं नाही. ती म्हणायची, "हास गं रतन, हास. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

आणि नेमकं तिचंच माहेर पाण्यात गेलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली धरणात पाणी अडवलं आणि तिचं पिंपळदरा गाव खाली गेलं. गाव उठलं, लोक मिळेल तिकडं पांगले. राहिली फक्त नाथाची टेकडी, वर नाथाचं ठाणं, चहूबाजूंनी पाणी. आणि टेकडीवर राहिला तिचा एकुलता एक भाऊ, गहिनीनाथ. आमचे मामा. बायको मागेच गेलेली, पोरबाळ नाही. नाथाचा दिवा आणि पाच शेळ्या, एवढाच संसार.

गाव उठायच्या आधी तिथं सभा झाली होती. मामा उभे राहून म्हणाले, "नाथाच्या पायरीला पानी शिवनार न्हाई. मी हलनार न्हाई." तर ही बहीण, सभेत बायका बोलत नाहीत तिथं, मागून ओरडली, "आरं खुळ्या, सरकार काय तुझ्या नाथाला इचारून पानी सोडनार हाय का?" सगळं गाव हसलं. मामा खाली बसले ते बसलेच.

त्यानंतर मामा आमच्याकडं आले नाहीत. तोवर तीस वर्षं एकही दिवाळी, एकही पंचमी चुकली नव्हती. सासुरवाशीण काही आपल्या पायानं माहेरी जात नाही, न्यायला मुराळी यावा लागतो, आणि मुराळी म्हणजे गहिनीमामा. नवा फेटा बांधून, बैलगाडी जुंपून यायचे. माझी आजेसासू खाष्ट, ती कारणं सांगायची, कामं पडलीत, पुढच्या महिन्यात बघू. मामा ओसरीवर मांडी घालून बसायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "मुराळी रिकामा जात नसतो, मावशी." बोलणी व्हायची, आठ दिवसांनी आणून घालायचा शब्द द्यायचे, आणि सासू गाडीत बसायची.

आता मुराळी येईना. सासू म्हणायची, "रुसलाय. राहू दे. मी का जाऊ? बोलावल्याबिगर माहेराला जायची का मी?" दुष्काळात पाणी इतकं ओसरलं की टेकडीवर चालत जाता आलं असतं, पाय भिजले नसते. तेव्हा बाई उंबऱ्यावर बसून राहिली! मी म्हटलं, "आत्याबाई, आता तरी जाऊन या." तर म्हणे, "त्यालाबी पाय हाईत की." असा राग आला मला. दोघंही एका माळेचे मणी.

मग त्र्याहत्तरला पाऊस झाला, धरण पुन्हा भरलं, आणि दिवाळीच्या तोंडावर श्रीमंत भोई मासे घेऊन दारात आला. नाव श्रीमंत, अंगावर बनियन फाटका. बोलता बोलता म्हणाला, "तुमचा भाऊ मोठा इचित्र मानूस, आक्का. दर दिवाळीला, दर पंचमीला धुतलेला फेटा बांधून पान्याच्या कडंला बसतो. म्हनलं, चल सोडतो पल्याड. तर मान हालवतो. दिस मावळला की फेटा सोडतो आन् वर जातो."

सासू मासे निवडत होती. तिचे हात थांबले. मासे तसेच राहिले, मलाच साफ करावे लागले.

सकाळी उठून म्हणाली, "रतन, मला त्याला आनायला जायचंय. मुराळी म्हनून."

"बाईमाणूस कुठं मुराळी असतं का?"

"नसंना. त्यानं तीस वर्सं केलं, मी एकदा करीन."

झालं, त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. एका दिवसाचं जाणं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, पण तयारी अशी की जणू काशीला निघालीय. आधी वार ठरेना. श्रीमंत म्हणाला, बुधवारी मी मोकळा आहे. सासू म्हणाली, "बुधवार? जाशील बुधी तर येशील कधी! मला परत यायचंय, बाबा." सोमवारी तिचा उपास, शनिवार तर नकोच. शेवटी मंगळवार ठरला. मग राहुरीच्या बाजारातून फेटा आणवला, गुलाबी. आमच्या ह्यांनी पांढरा आणला होता, तो परत पाठवला. मुराळ्यानं मोकळ्या हातानं जायचं नसतं म्हणून करंज्या केल्या. दिवाळीच्या आधी करंज्या, मला चूल सोडता येईना!

राहिला प्रश्न होडीचा. श्रीमंतकडं होडी नव्हतीच. त्याच्याकडं होती काहिल, गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती लोखंडी कढई, माणसानं दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढी रुंद. भोई लोक तिच्यातच बसून जाळी टाकायचे. सासूनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "त्यात गूळ करत्यात रं! मला आटवतो का काय?"

तरी माघार नाही. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या गुऱ्हाळावर गेली. हंगाम अजून लागला नव्हता, काहिल नुसती जमिनीवर पडलेली. ही बाई त्या काहिलीत जाऊन बसली. कोरड्या जमिनीवर, डोळे मिटून, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. मी बांधावरून बघत होते. हसायला तोंड उघडलं आणि बघते तर तिचे ओठ हलत होते, नाथाचं नाव चाललं होतं. मला हसता आलं नाही. मी जाऊन तिच्या समोर बसले. "मी येते तुमच्याबरोबर," म्हटलं.

मंगळवारी वारा पडायच्या आत निघायचं नाही असं श्रीमंतनं बजावलं होतं, म्हणून ऊन वर येईपर्यंत काठावर बसलो. मग काहिलीत सासू मधे, मी एका बाजूला, श्रीमंत दुसऱ्या बाजूला. काहिल सरळ जात नाही, गोल फिरत फिरत जाते. सासूनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. अर्ध्या वाटेत श्रीमंत बोलून गेला, "आता आपुन पिंपळदऱ्याच्या वेशीवर हाओत, आक्का." मला वाटलं, आता ही रडणार. तर तिनं डोळे उघडले, वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "मारुतीच्या देवळापासून डावीकडं घे. सरळ गेलास तर आमच्या घरावरून जाशील. घरावरून जाऊ नगं." श्रीमंतनं वल्हं डावीकडं मारलं.

मामा काठावर आले होते. काहिलीत बाईमाणूस बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. वाळलेले, दाढी वाढलेली. सासू उतरली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"कोन? गोजर?" मामा म्हणाले. "तू पान्यातून आलीस?"

"मग काय उडत येऊ?"

त्यांनी वर नेलं, गूळ-पाणी दिलं. नाथाच्या ओट्यावर बसलो. मग सासूनं पिशवीतून गुलाबी फेटा काढून त्यांच्यापुढं ठेवला. "मी पाव्हनी न्हाई. मुराळी म्हनून आलीय. चल."

मामांनी फेट्याला हात लावला नाही. खाली बघत म्हणाले, "मी येनार हुतो गं. दर साली येनार हुतो. फेटा बांधायचो. पर तुला आनून घालू कुठं? चूल पान्यात गेली, आईची तुळस पान्यात गेली. दुष्काळात पानी हटलं, तवा जाऊन बघितलं. नुसता गाळ. मुराळ्याला न्यायला माहेर तर पायजे का नको?"

सासू त्यांच्याकडं बघत राहिली. "म्हंजी तू रुसला नव्हतास?"

"रुसीन कशाला? तू सभेत बोललीस ते खरंच निघालं."

मग मात्र तिनं जी सुरुवात केली! "मुडद्या, मेल्या, मग सांगायचंस की! तीन वर्सं मी उंबऱ्यावर बसून काढली, येनारा-जानारा हसला मला, आन् तू हितं फेटा बांधून शेळ्यांना दावतोस व्हय रं?" शिव्या देत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मामाही रडत होते. मी उठून शेळ्यांकडं बघत उभी राहिले, दुसरं काय करणार?

रडून झाल्यावर मामा म्हणाले, "मला यायचं न्हाई, गोजर. नाथाला टाकून कसा येऊ?"

सासूनं पदरानं तोंड पुसलं, मांडी घालून बसली, तीस वर्षं मामा बसायचे तशी. "मुराळी रिकामा जात नसतो," म्हणाली.

मामांना हसूच आलं. श्रीमंतनं दिव्याचं आणि शेळ्यांचं मी बघतो म्हणून सांगितलं. सासू उठली आणि नाथापुढं उभी राहिली. माझ्या आजेसासूपुढं मामा जसे बोलायचे अगदी तसंच, हात जोडून, "आठ दिसांनी आनून घालते, नाथा. शबूद देते." मामांनी खाली वाकून फेटा घेतला, बांधला आणि काहिलीत बसले.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. मामांचा चेहरा भरला. शब्दाप्रमाणे आठ दिवस भरले. मी सकाळी चुलीपुढं होते. सासू ओसरीवर करंज्यांची पिशवी भरत होती, तोंड एवढंसं करून. शब्द दिलेला, मोडायचा कसा?

मामा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "गोजर, आज वार कोनता गं?"

सासूचे हात थांबले. "बुधवार."

"मग आज मला कसं धाडतीस? जाशील बुधी तर येशील कधी."

सासूनं पिशवी खाली ठेवली. "खरंच की," म्हणाली. "नाथाला काय वार कळत न्हाईत व्हय?"

मी परातीत आणखी दोन मुठी पीठ टाकलं.