पिंजण्याचे यंत्र

रॉकेलने पुसलेल्या लोखंडाचा वास आला की सोलापुरातले माझे भंगाराचे दुकान आठवते. पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. एका गिरणीने मोडीत काढलेले कापूस पिंजण्याचे यंत्र मी घेतले, गंज खरवडून, तेलपाणी करून चालते केले आणि बार्शीच्या एका कारखान्याला विकले. ते गेल्यावर दोनच दिवसांनी, भर उन्हात, मंद्रूपहून एक बाई आली. पाय धुळीने माखलेले. “गिरणीतलं पिंजायचं यंत्र तुमीच घेतलं की, भाऊ?” मी हो म्हणालो. “त्यानं माजा मालक आत वढून घेतला. फोडलं का न्हाय ते?” मला हे ठाऊकच नव्हते. तिच्या तोंडाकडे पाहून मी म्हणालो, “फोडलं, मावशी. भट्टीत गेलं.” “समदं?” “समदं.” ती पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग म्हणाली, “लई बरं केलंसा. आता दुसऱ्या कुणाचं घर तरी वाचंल.” मी तिला पाण्याचा तांब्या दिला, पण खरे सांगायला जीभ उचलली नाही. पुढे कामानिमित्त बार्शीला कितीदा तरी गेलो. त्या कारखान्याच्या रस्त्याने मात्र आजवर गेलेलो नाही.